शाळेतली डॉक्टरी तपासणी, १९०८: तपासलं खरं, पण औषध कुणी दिलं?

ओवी

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागातल्या एका जुन्या प्राथमिक शाळेची रोजनिशी मी सध्या वाचते आहे. तिथल्या हौशी इतिहास मंडळाला हस्तलिखित पानं टंकून हवी आहेत, ते काम अंगावर घेतलंय. मुख्याध्यापक रोज चार ओळी खरडत: हजेरी किती, बर्फ किती पडला, कोळसा संपला, गोवर आला म्हणून लहान मुलांचे वर्ग बंद. वर्षानुवर्षं हेच. आणि मग १९०८ साली पानांवर एकदम नवी माणसं उगवतात, डॉक्टर आणि त्यांच्यामागून नर्स. मुख्याध्यापकांना ती फारशी आवडलेली दिसत नाहीत. तपासणीपायी दुपारचे तास बुडाले, नर्सने डोकी बघून मुलं घरी धाडली, हजेरी घसरली, असा एकंदर सूर आहे.

माझे प्रश्न असे. हे १९०८ मध्येच का सुरू झालं? दुसरं, एका मुलीबद्दल (नाव देत नाही) कान फुटल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तीच मुलगी, तोच कान. मग डॉक्टरने वर्षभर केलं काय? आणि तिसरं, हे सगळं मुलांसाठी नव्हतंच, सैन्यात भरतीला धडधाकट पोरं मिळावीत म्हणून होतं, असं एका ठिकाणी वाचलं. हे कितपत खरं?

तोफखाना

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे: शंभर टक्के खरं. दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध (१८९९ ते १९०२) चालू असताना ब्रिटिश सैन्याच्या भरतीला आलेली कामगार वस्तीतली पोरं किडक्या दातांनी, खुज्या उंचीने आणि अशक्त छातीने नापास होऊ लागली. मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस यांनी १९०२ मध्ये लिहून टाकलं की दर शंभरांतले साठ जण सैन्याच्या कामाचे नाहीत. झालं, साम्राज्य हादरलं. त्याआधी पन्नास वर्षं तीच पोरं गिरण्यांत खोकत होती, तेव्हा कुणाला त्यांचे दात मोजावेसे वाटले नाहीत.

जुना_स्टेथो

ओवीताई, मी निवृत्त डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं शाळांमधली मुलं तपासण्यात गेली, त्यामुळे या विषयावर मला थांबवणं अवघड आहे. तोफखाना यांचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे जरा लांबण लावतो.

मॉरिस यांच्या आकड्यांचा पाया कच्चा होता. भरतीला येतच कोण होतं? ज्यांना दुसरं काम मिळत नव्हतं ते. पण आरडाओरडा झाला आणि सरकारने ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी करायला समिती नेमली. तिचा अहवाल १९०४ चा. गंमत अशी की पिढ्यानपिढ्या वंशच खालावत चाललाय, या समजुतीला समितीने दुजोरा दिला नाही. तिने बोट ठेवलं ते कोंदट घरांवर, निकृष्ट अन्नावर, घाणीवर, दारूवर. शिफारशी ५३ होत्या, त्यांत शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी होती आणि उपाशी मुलांना जेवण देण्याची सोयही. म्हणजे दार सैन्याने ठोठावलं हे खरं. पण दार उघडल्यावर जे लोक आत शिरले ते आधीपासूनच ओसरीवर बसून होते.

हे लोक कोण, ते तुमच्याच वेस्ट रायडिंगमध्ये सापडेल. ब्रॅडफर्ड, लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथल्या शाळा मंडळाने १८९३ मध्ये जेम्स कर नावाचे डॉक्टर नेमले. पुढच्याच वर्षी मार्गारेट मॅकमिलन या समाजवादी बाई मंडळावर निवडून आल्या आणि या दोघांनी कायदा-बियदा नसताना मुलं तपासायला सुरुवात केली. पहिली गोष्ट दिसली ती मळ. हिवाळाभर तेच कपडे अंगावर, आंघोळीला घरात ना जागा ना गरम पाणी. १८९७ मध्ये ब्रॅडफर्डच्या वॉपिंग रोड शाळेत स्नानगृह बांधलं गेलं, ब्रिटनमधल्या शाळेतलं ते पहिलं. आणि लक्षात घ्या, यातली बरीच मुलं ‘अर्धवेळ’ होती. बारा वर्षांचं पोर सकाळी गिरणीत आणि दुपारी शाळेत. ते बाकावर डुलक्या घेणार नाही तर काय करणार? ही पद्धत बंद करणारा कायदा १९१८ चा, म्हणजे तुमच्या रोजनिशीतही असे विद्यार्थी असणार.

आता १९०८ च का. शिक्षण खात्याचे सचिव रॉबर्ट मोरंट हे मोठे धूर्त गृहस्थ. शिक्षणाच्या किरकोळ कारभारी तरतुदींचा एक कंटाळवाणा कायदा १९०७ मध्ये संसदेत आला आणि त्याच्या पोटात तपासणीचं कलम होतं. त्याच्यावर म्हणावं तसं रणकंदन झालंच नाही. अंमल १ जानेवारी १९०८ पासून. खात्याचे पहिले मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले जॉर्ज न्यूमन, अर्भक मृत्यूंवर त्यांनी नुकतंच पुस्तक लिहिलं होतं.

तुमचा कानाचा प्रश्न मात्र खरा महत्त्वाचा. त्या कलमाचे दोन भाग होते. तपासणी करणं हे स्थानिक शिक्षण मंडळाचं कर्तव्य. मुलांच्या आरोग्याची पुढची व्यवस्था करण्याचा मात्र नुसता अधिकार, तोही खात्याची मंजुरी घेऊन. केंद्राकडून पैसा शून्य, सगळा भार स्थानिक करांवर. मग कुठलं मंडळ आपण होऊन दवाखाना उघडेल? बहुतेकांनी कायद्यात जेवढं लिहिलं तेवढं केलं: बघितलं, लिहिलं, आईबापांना चिठ्ठी पाठवली.

ती चिठ्ठी घेऊन आईने जायचं कुठे? गल्लीतला डॉक्टर फी मागणार. धर्मादाय रुग्णालयात फुकट, पण तिथे सकाळपासून रांग, म्हणजे गिरणीतला एक दिवसाचा पगार बुडाला. आणि वाहता कान एका खेपेत बरा होत नसतो. तो रोज कोरडा करावा लागतो, स्वच्छ करावा लागतो, आठवडेच्या आठवडे. गोवर किंवा स्कार्लेट फीव्हर येऊन गेला की मागे हे दुखणं राहायचं, प्रतिजैविकं तर स्वप्नातही नव्हती. दुर्लक्ष झालं तर बहिरेपण, कधी कधी मेंदूपर्यंत पू. तुमच्या त्या मुलीच्या डॉक्टरने वर्षभर काय केलं? पुढच्या वर्षी येऊन पुन्हा कान पाहिला. त्याच्या हातात तेवढंच होतं.

डॉक्टर लोकांचं वागणंही काही फार गौरवाचं नव्हतं, आमच्याच जमातीबद्दल बोलतोय. फुकट उपचार सुरू झाले तर आपला धंदा बसेल, या भीतीने पुष्कळ खासगी डॉक्टर शाळेच्या दवाखान्यांकडे वाकड्या नजरेने बघत. दानधर्मवाल्या संस्थांची वेगळीच रड: आईबापांची जबाबदारीची जाणीव ढिली पडेल म्हणे.

ओवी

बाप रे, खूप आभार डॉक्टरकाका. कर्तव्य आणि अधिकार, हा फरक कळल्यावर रोजनिशीतली निम्मी पानं उलगडली. अजून एक विचारू? तपासणी प्रत्यक्षात कशी व्हायची? आणि नर्स डोकी बघून मुलांना घरी पाठवते तिथे मुख्याध्यापकांचा इतका जळफळाट का?

जुना_स्टेथो

विचारा हो, त्यासाठीच बसलोय.

जळफळाटाचं कारण पैसा. शाळेचं अनुदान सरासरी हजेरीवर ठरायचं. नर्सने पाच मुली उवांसाठी घरी पाठवल्या की पाच गैरहजर. शिवाय मुलं तपासायची कुठे, तर मुख्याध्यापकांच्याच खोलीत किंवा कोट टांगायच्या बोळात. म्हणजे त्यांचं बस्तान उठलं.

प्रत्यक्ष काम असं चालायचं. शाळेत नव्याने आलेली मुलं आणि शाळा सोडायला आलेली मुलं, हे दोन गट आधी. मधली, साधारण आठव्या वर्षाची तपासणी नंतर आली. आईला आधी निरोप जायचा. बूट काढून उंची आणि वजन, हे बऱ्याचदा शिक्षकच उरकून ठेवत. दृष्टी तपासायला वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता. मग डॉक्टर: कपडे-बूट, पोषण, स्वच्छता, दात, नाक-घसा, कान, डोळे, हृदय, फुप्फुसं, शेवटी बुद्धी. एका मुलाला मोजून काही मिनिटं. यात सगळ्यात भोंगळ रकाना ‘पोषणा’चा. तो डोळ्यांनी भरायचा! गरीब वस्तीत वर्षभर काम केलेल्या डॉक्टरला जो मुलगा ‘ठीक’ वाटे, तोच सुखवस्तू भागातून आलेल्याला ‘कमी’ वाटे. ओवीताई, तुमच्या हाती कधी असे आकडे आले तर दोन गावांची तुलना करू नका. माझ्या काळातही आम्ही दोघा डॉक्टरांनी एकच वर्ग तपासला तर यादी कधी जुळायची नाही.

सापडायचं काय? किडके दात तर जवळजवळ सगळ्यांचेच. उवा-लिखा, खरूज, अडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढल्याने नाक बंद होऊन सदा तोंड उघडं टाकणारी मुलं, मुडदुसाने वाकलेले पाय, दुधातून आलेल्या क्षयाच्या गंडमाळा, संधिज्वराने बिघडलेली हृदयं. आणि डोक्यातला नायटा. हा नायटा मोठा चिवट होता. मलमं चोळत पोर महिनोन्महिने, कधी वर्षभरही शाळेबाहेर. पॅरिसच्या साबुरो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्ष-किरणांनी केस गाळून तो बरा करायची रीत बसवली, तेव्हा सगळ्यांना ती देणगीच वाटली. लंडननेही उचलली. असे किरण घेतलेल्या मुलांमध्ये पुढे थायरॉइडच्या आणि मेंदूच्या गाठी जास्त निघाल्या, हे इस्रायलमधल्या मुलांच्या अभ्यासातून खूप नंतर कळलं.

उवांसाठी मात्र कायदा फार लवकर आला, १९०८ चा बालकांचा कायदा. पालकांना नोटीस, चोवीस तासांत मूल स्वच्छ करा. नाही केलं तर मंडळ करणार, आणि मूल पुन्हा तसंच आलं तर दंड. मुलींची तपासणी मात्र डॉक्टरने किंवा नेमलेल्या बाईनेच करायची, एवढं भान कायद्याने ठेवलं होतं. मला यातली विसंगती अजून खटकते. कान वाहतोय तर चिठ्ठी, उवा आहेत तर शिक्षा.

घारी

स्टेथोकाका, चिठ्ठीवरून आठवलं, न्यूयॉर्कलाही अगदी हाच पेच पडला होता. तिथे १८९७ पासून डॉक्टर शाळांत जाऊन संसर्गाची मुलं घरी पाठवत. घरी पाठवलेलं पोर औषधाविना संध्याकाळी त्याच मित्रांबरोबर गल्लीत खेळणार, मग उपयोग काय? १९०२ मध्ये हेन्री स्ट्रीट या गरीब वस्तीतल्या नर्सिंग सेवाकेंद्राच्या लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स ही आपली नर्स प्रयोग म्हणून चार शाळांना दिली. तिने खरूज, डोळे वगैरे शाळेतच बघायला सुरुवात केली आणि घरी जाऊन आयांना शिकवलं. नर्सेस वाढवल्यावर वर्षभरात घरी पाठवायच्या मुलांची संख्या साधारण ९० टक्क्यांनी उतरली.

पण आईचा रोज बुडू नये म्हणून शस्त्रक्रियाच शाळेत करू, हा उत्साह अंगाशी आला. जून १९०६, लोअर ईस्ट साइड, ११० नंबरची शाळा. माउंट सायनाय रुग्णालयाच्या डॉक्टरांनी येऊन मुलांची अडेनॉइड काढली. मुलं रक्ताळलेल्या तोंडाने घरी गेली. काही दिवसांत अफवा उठली की डॉक्टर शाळेत पोरांचे गळे चिरताहेत. हजारो आया शाळांवर चालून गेल्या, खिडक्यांवर दगड, पोलिसांची धावपळ. वर्तमानपत्रांनी त्यांना अडाणी ठरवून टाकलं. या बहुतेक रशियन साम्राज्यातून जीव घेऊन आलेल्या यिडिश बोलणाऱ्या बायका, आणि त्याच महिन्यात तिकडच्या ब्यालिस्तोक शहरात ज्यूंची कत्तल झाल्याच्या बातम्या येत होत्या. इंग्रजीत आलेल्या सरकारी चिठ्ठीवर त्यांनी विश्वास का ठेवावा?

तोफखाना

घारी, हा किस्सा माहीत नव्हता. जबरदस्त.

स्टेथो, दार आणि ओसरी मान्य. पण उपाशी पोटाचं काय? टेबलापाशी छाती तपासून पोट भरत नाही. आणि आपल्याकडे हे कधी आलं?

जुना_स्टेथो

पोटाचं आधी. जेवणाचा कायदा तपासणीच्याही आधीचा, १९०६ चा. त्यामागे ब्रॅडफर्डचेच खासदार फ्रेड जॉवेट होते. मात्र तोही ऐच्छिकच, आणि खर्चाला मर्यादा: करपात्र रकमेच्या पौंडामागे अर्धा पेनी. १९०७ मध्ये ब्रॅडफर्डचे शाळा डॉक्टर राल्फ क्रॉली आणि पाककलेच्या पर्यवेक्षक मेरियन कफ यांनी चाळीस मुलांवर एक साधा प्रयोग केला. सकाळी लापशी, दुपारी सकस जेवण, टेबलावर स्वच्छ कापड आणि फुलंसुद्धा. वाढायला मोठ्या मुली. दर आठवड्याला वजन. जेवण चालू असताना वजनाची रेघ वर गेली. मध्ये सणाची सुटी आली, जेवण थांबलं, रेघ खाली. शाळा सुरू, रेघ पुन्हा वर. ज्यांना हे जेवण नव्हतं त्या मुलांचं वजन त्या मानाने कमी वाढलं. आई बेजबाबदार म्हणून मूल वाळतं, असं म्हणणाऱ्यांना हा आलेख दाखवावा. आई सुटीतही तीच होती आणि शाळा चालू असतानाही तीच. १९१४ च्या दुरुस्तीने अर्ध्या पेनीची मर्यादा गेली आणि सुटीतही जेवण द्यायची मुभा मिळाली.

उपचारांचं घोडं मात्र रडतखडत पुढे गेलं. ब्रॅडफर्डने १९०८ मध्येच मंडळाचा स्वतःचा दवाखाना उघडला. मॅकमिलनबाईंनी त्याच साली लंडनच्या बो भागात खासगी देणगीवर एक सुरू केला, १९१० मध्ये तो डेप्टफर्डला हलवला. १९०९ च्या कायद्याने उपचाराचा खर्च ऐपतदार पालकांकडून वसूल करायची वाट काढली. १९१२ पासून उपचारांसाठी केंद्राचं अनुदान आलं आणि तिथून दवाखाने खऱ्या अर्थाने वाढले. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या उपचाराची सोय हे कर्तव्य झालं ते १९१८ मध्ये. म्हणजे बघायला बांधील १९०८, बरं करायची सोय करायला बांधील १९१८. मधली दहा वर्षं मूल कुठल्या गावात जन्मलंय त्यावर सगळं.

आपल्याकडचं कुणीतरी सांगा, मी दमलो.

पाटीपेन्सिल

मी सांगतो. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, बडोदे शहरात. सयाजीरावांचं संस्थान. इंग्लंडनंतर अवघ्या वर्षभराने! ब्रिटिश मुलखातल्या खेड्यांत तेव्हा शाळेचीच बोंब होती.

यात योगायोग नाही असं मला वाटतं. सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलं. इंग्लंडमध्ये सक्ती १८८० ची, फी माफ झाली १८९१ मध्ये. मुलं सक्तीने एका खोलीत बसवली की दोन गोष्टी होतात. एकाचा गोवर चाळिसांना, आणि आजवर घराच्या अंधारात असलेलं दुखणं सरकारी माणसाला रोज दिसायला लागतं. मग तपासणी टाळता येत नाही.

पण बडोद्याचं लोण देशभर पोचलं नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये स्पष्ट लिहिलं की देशात शालेय आरोग्य सेवा जवळपास नाहीच, आणि आहे तिथेही अपुऱ्या अवस्थेत.

जुना_स्टेथो

पाटीपेन्सिल, सक्तीचा मुद्दा एकदम पटला. ज्या काळात मुलं शाळेत येतच नव्हती, तेव्हा ती आजारी आहेत हे मोजणार कोण?

ओवी

काय सुंदर माहिती मिळाली. घारीताई, तुमच्या न्यूयॉर्कमुळे मी काल पुन्हा मागची पानं चाळली. डॉक्टर यायच्या दिवशी काही मुलं हमखास गैरहजर आहेत. मी आतापर्यंत त्यांना आजारी समजून टंकत होते! आयांनीच घरी ठेवली असतील का?

आता शेवटचं: त्या कानवाल्या मुलीचं पुढे काय झालं ते कसं शोधू?

घारी

ठेवली असू शकतील. किंवा त्या दिवशी पायात धड बूट नसतील. फाटक्या कपड्यांत परक्या माणसापुढे पोराला उघडं करायची लाज इतर भीतीपेक्षा मोठी असते.

जुना_स्टेथो

ओवीताई, तिचं वैयक्तिक कार्ड मिळेल याची आशा कमीच. अशी कार्डं फारशी जपली गेली नाहीत, आणि जी अभिलेखागारांत आहेत ती सहसा शंभर वर्षं बंद ठेवतात. तुमचा काळ आता त्यापलीकडे गेलाय, तेव्हा विचारून बघायला हरकत नाही. त्यापेक्षा वेस्ट रायडिंगच्या शाळा वैद्यकीय अधिकाऱ्याचे वार्षिक अहवाल मागा. त्यात मुलांची नावं नसतात, पण किती कान सापडले आणि किती बरे झाले याचे तक्ते असतात. ‘उपचारासाठी पाठवले’ आणि ‘उपचार मिळाले’ हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. आणि रोजनिशीत १९१२ नंतरची पानं हळू वाचा. एखादं मूल दुपारी ‘दवाखान्यात गेलं’ म्हणून गैरहजर अशी नोंद कधी सुरू होते, ते तारखेसह इथे टाका. मुख्याध्यापक तेव्हाही वैतागलेलेच असतील.